मधुमेहाला अडवणारी वस्ती

१९२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टनचे डॉक्टर इलियट जोसलिन यांचा एक लेख छापून आला. न्यू इंग्लंडमधल्या एका शांत गावात, रुंद रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन घरांचं वर्णन त्यात होतं. चांगली ऐसपैस, खाऊनपिऊन सुखी लोकांची घरं. त्या घरांत काळाच्या ओघात सात कर्ती माणसं राहायला आली, चार बायका आणि तीन पुरुष. त्यांतली सहा मधुमेहानं गेली. लागून असलेल्या घरांत एकाच आजारानं सहा मृत्यू झाले, तरी गावात साथ आली असं कुणी म्हटलं नाही. हेच मृत्यू विषमज्वरानं किंवा क्षयानं झाले असते तर आरोग्य खात्याची माणसं धावत आली असती आणि आजार कुठून आला, कसा पसरला याचा छडा लागेपर्यंत थांबली नसती. मधुमेहाच्या बाबतीत तेवढी धावपळ का होत नाही, असं जोसलिन विचारत होते.

तेव्हा इन्सुलिनचा शोधही लागलेला नव्हता. औषध जवळजवळ नाहीच, अशा काळात या माणसानं रुग्णाला शिकवणं हाच उपचार मानला. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टरांबरोबरच रुग्णांसाठीही एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. पुढे त्यांच्या तालमीत तयार झालेल्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन राहत, स्वयंपाकघरात उभ्या राहून काय आणि किती शिजवायचं ते दाखवत. मधुमेहाचं शिक्षण दवाखान्याच्या भिंतीबाहेर पडलं ते असं.

आज भारतात त्या तीन घरांची गणती करायची तर कुठली आळी सोडायची हाच प्रश्न पडेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत २००८ ते २०२० या काळात १,१३,०४३ लोकांची तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष असे: प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसं. आणखी १५.३ टक्के, सुमारे १३ कोटी ६० लाख, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. राज्यांमध्ये सर्वांत वर होतं गोवा, २६.४ टक्क्यांवर. म्हणजे गोव्यात चार प्रौढ माणसं बसली असतील तर त्यांतल्या एकाला मधुमेह आहे असं धरून चालायला हरकत नाही.

या आकड्यांत एक जोडी मात्र थांबून वाचण्यासारखी आहे. मधुमेहाचं प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के, इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण उंबरठ्यावरच्या लोकांचं प्रमाण पाहिलं तर शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के. जवळपास सारखंच! म्हणजे खेड्यांत आजार अजून कमी दिसतो, पण तो होण्याच्या बेतात असलेली माणसं शहराइतकीच आहेत. येत्या काही वर्षांत ही माणसं कुठल्या बाजूला जाणार, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

उंबरठा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी रक्तातली साखर २०० किंवा त्याहून जास्त असेल तर तो मधुमेह. १४० ते १९९ च्या दरम्यान असेल तर उंबरठा. या अवस्थेत माणसाला काहीही होत नसतं. तहान नाही, थकवा नाही, वजन घटत नाही. त्यामुळे तो स्वतःहून दवाखान्यात जात नाही, आणि जाईल असं मानणंही चूक. त्याच्यापर्यंत कुणीतरी पोहोचावं लागतं.

पोहोचून उपयोग होतो का? याचं उत्तर आता निःशंकपणे देता येतं. चीनमधल्या दाचिंग या तेलनगरीत १९८६ मध्ये उंबरठ्यावरची ५७७ माणसं निवडली गेली आणि ३३ दवाखान्यांमधून काही गटांना आहाराचा, काहींना व्यायामाचा, काहींना दोन्हींचा सल्ला सहा वर्षं दिला गेला. सहा वर्षं संपली, कार्यक्रम थांबला, पण संशोधकांनी माणसांचा माग सोडला नाही. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा सल्ला मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षं पुढे ढकलला गेला होता आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले होते. फिनलंडमध्ये ५२२ लोकांवर आणि अमेरिकेत २७ केंद्रांमधल्या ३,२३४ लोकांवर असेच प्रयोग झाले. दोन्हीकडे मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेतल्या प्रयोगात एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली होती. तिनं ३१ टक्क्यांचीच घट झाली. चालणं आणि खाणं आवरणं गोळीपेक्षा सरस ठरलं. उद्दिष्टंही डोंगराएवढी नव्हती: वजन सात टक्क्यांनी उतरवायचं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसानं पाचेक किलो, आणि आठवड्यात १५० मिनिटं झपझप चालायचं.

मग सगळं जग चालायला का लागलं नाही? कारण अमेरिकेतल्या त्या प्रयोगात प्रत्येक माणसामागे प्रशिक्षित मार्गदर्शक होता, सोळा पाठांचा अभ्यासक्रम होता, एकेकट्याला बसवून शिकवणं होतं. एवढा खर्च कुठलंही सरकार कोट्यवधी लोकांवर करू शकत नाही. मार्ग काढला तो इंडियानापोलिस शहरातल्या संशोधकांनी. त्यांनी तोच अभ्यासक्रम वायएमसीएच्या स्थानिक केंद्रांत नेला, आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांना शिकवून गटागटानं वर्ग घ्यायला लावले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गटातल्या लोकांचं वजन सरासरी सहा टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, तेही खर्चाच्या एका छोट्या हिश्श्यात. २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं याच धर्तीवर राष्ट्रीय कार्यक्रमाला मंजुरी दिली. तज्ज्ञाची जागा शेजारच्या माणसानं घेतली तरी काम होतं, ही या सगळ्यातली खरी शिकवण होती.

अमेरिकेतलं गणित भारताला जसंच्या तसं लागू होत नाही, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी दाखवलं. त्यांच्या प्रयोगात उंबरठ्यावरची ५३१ माणसं होती. खास सल्ला न मिळालेल्या गटातली तब्बल ५५ टक्के माणसं तीन वर्षांत मधुमेही झाली. अमेरिकेत तेवढ्याच काळात हे प्रमाण २९ टक्के होतं. आणि गंमत म्हणजे चेन्नईची माणसं अमेरिकेतल्यांपेक्षा कितीतरी सडपातळ होती. जीवनशैलीच्या सल्ल्यानं त्यांच्यात मधुमेह २८.५ टक्क्यांनी घटला, तोही वजनात फारसा फरक न पडता. वजनकाट्यावर काही दिसलं नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, याचं बरंचसं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी लहान. पण बारकाईनं मोजल्यावर दिसलं की कमी होते ते स्नायू. चरबी बरीचशी शाबूत होती. याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

याचा मधुमेहाशी संबंध असा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून ठेवणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते मुळातच लहान असेल आणि त्यातून वापर कमी असेल तर साखर बाहेरच तुंबते. पोटातली चरबी वाढली की इन्सुलिनचा हुकूम पेशी नीट मानत नाहीत. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन तयार करत राहतं आणि काही वर्षांनी थकतं. चालताना आकुंचन पावणारे स्नायू मात्र इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीलाही अर्थ आहे. आणि म्हणूनच वजनापेक्षा कंबर मोजणं अधिक उपयोगी. भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरवर आहे.

माहिती एवढी स्पष्ट असताना ती माणसाच्या वागण्यात का उतरत नाही, याचं सर्वांत बोलकं उदाहरण चेन्नईतल्या दोन वस्त्यांचं आहे.

१९९६ च्या सुमारास डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं शहरातल्या दोन वस्त्या निवडल्या: तिरुमंगलम भागातली मध्यमवर्गीय एशियाड कॉलनी आणि टी. नगरमधली कष्टकऱ्यांची भारती नगर. पहिल्या पाहणीत मध्यमवर्गीयांमध्ये मधुमेह १२.४ टक्के, कष्टकऱ्यांमध्ये ६.५ टक्के. तपासणीनंतर आहार आणि व्यायामाविषयी जागृतीचं काम सुरू झालं. एशियाड कॉलनीतल्या रहिवाशांनी ते मनावर घेतलं. चालायला जागा नाही म्हणताच त्यांनी एकत्र येऊन, स्वतःच्या खिशातून पैसे काढून कॉलनीत उद्यान उभं केलं. आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण १४.२ टक्क्यांवरून ५८.७ टक्क्यांवर गेलं. सरकारी निधी नाही, परदेशी देणगी नाही. लोकांनी ठरवलं आणि केलं. भारतातल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या कहाणीत याहून सुंदर प्रकरण शोधून सापडणार नाही.

पण कहाणी तिथं थांबत नाही. दहा वर्षांनी दोन्ही वस्त्यांची पुन्हा पाहणी झाली. एशियाड कॉलनीतला मधुमेह १२.४ वरून १५.४ टक्क्यांवर आला होता. वाढ होती, पण आवाक्यातली. भारती नगरात तो ६.५ वरून १५.३ टक्क्यांवर पोहोचला होता. दुपटीहून जास्त. एका दशकात गरिबांनी मध्यमवर्गाला गाठलं.

हा काही काटेकोर प्रयोग नव्हता. उद्यानामुळेच फरक पडला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दोन वस्त्यांमध्ये इतरही शंभर फरक असतील. तरी चित्र लपत नाही. एका वस्तीकडे वर्गणी काढण्याइतका पैसा होता, रिकामा भूखंड होता, महापालिकेच्या कचेरीत जाऊन बोलू शकणारी माणसं होती. दुसऱ्या वस्तीच्या वाट्याला याच दहा वर्षांत स्वस्त तेल, पॉलिश केलेला तांदूळ आणि बसून करायची कामं आली. कान दोन्हीकडे होते. एका बाजूला पाय टाकायला जागा होती.

केरळात पुढचा प्रयोग झाला तो हा धडा समोर ठेवल्यासारखा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या नेय्याट्टिंकरा तालुक्यात संशोधकांनी दवाखान्यांऐवजी मतदानाचे विभाग धरले. मतदार यादी असल्यामुळे कोण कुठं राहतं ते ठाऊक, आणि एका बूथची माणसं एकमेकांना ओळखणारी. असे ६० विभाग, त्यांत धोका जास्त असलेली १,००७ माणसं. ती हुडकायला रक्ततपासणीआधी डॉ. मोहन यांनीच बनवलेली साधी गुणपद्धत वापरली: वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांना मधुमेह आहे का, या चार प्रश्नांना मिळून शंभर गुण, साठ किंवा त्याहून जास्त आले की धोका मोठा. मोजपट्टीशिवाय काहीच लागत नाही. प्रत्येक गटानं आपल्यातूनच म्होरके निवडले आणि वर्षभर त्यांनीच बैठका घेतल्या. परसबागा लावल्या गेल्या, चालण्याचे गट निघाले, योगासनांचे वर्ग भरले.

दोन वर्षांनी निकाल आला. गटांत नसलेल्यांत १७.१ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, गटातल्यांत १४.९ टक्के. घट होती, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती योगायोगाचीही असू शकते इतकी लहान. भाजी-फळं खाणं वाढलं, दारूचं प्रमाण घटलं, धोक्याचे गुण उतरले. मधुमेहाच्या आकड्यात मात्र हवा तेवढा फरक पडला नाही. संशोधकांनी हे लपवलं नाही, आणि त्यामुळेच तो प्रयोग उपयोगाचा आहे. नुसते गट केले की झालं, असा समज त्यानं खोडून काढला.

मग गटात काय घडलं तर फरक पडतो? बांगलादेशातल्या फरीदपूर जिल्ह्यातून याचं एक उत्तर २०१९ मध्ये आलं. तिथल्या ९६ गावांचे तीन भाग केले. एका भागातल्या लोकांना आठवड्यातून दोनदा मोबाइलवर मधुमेहाविषयी ध्वनिसंदेश जायचे, चौदा महिने. दुसऱ्या भागात बायकांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे गट दर महिन्याला भेटायचे, अशा अठरा बैठका झाल्या. तिसऱ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. बैठकांमध्ये कुणी व्याख्यान देत नव्हतं. आपल्या गावात मधुमेह कशामुळे वाढतो ते गटानं शोधायचं, त्यावर काय करायचं ते गटानंच ठरवायचं, करून पाहायचं, आणि मग जमलं का ते तपासायचं. बाईनं एकटीनं रस्त्यावर चालायला जाणं गावाला पटत नसेल तर दहाजणींनी मिळून जायचं. भाजी महाग असेल तर लावायची.

ध्वनिसंदेश ऐकणाऱ्या गावांत मधुमेहाविषयीचं ज्ञान वाढलं. आजार कमी झाला नाही. बैठका झालेल्या गावांत मात्र मधुमेह आणि उंबरठा मिळून असलेल्यांचं प्रमाण इतर गावांपेक्षा सुमारे वीस टक्के अंकांनी खाली होतं. एका जिल्ह्याचा हा निकाल आहे हे मान्य. पण प्रतिबंधाच्या नावाखाली संदेश पाठवून मोकळं होणाऱ्या प्रत्येक यंत्रणेनं तो वाचावा. चेन्नईत मोबाइल संदेशांनी नोकरदार पुरुषांमध्ये मधुमेह ३६ टक्क्यांनी घटवला होता, हेही खरं. पण ते ५३७ पुरुष तपासून निवडलेले होते, आपली साखर उंबरठ्यावर आहे हे त्यांना माहीत होतं आणि सुरुवातीला त्यांना समोर बसवून सल्ला मिळाला होता. संदेश त्याची आठवण करून देत होते. न तपासलेल्या माणसाच्या फोनवर तोच संदेश गेला तर तो जाहिरातींत हरवतो.

महाराष्ट्राला ही पद्धत अनोळखी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि १९९९ मध्ये नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे आकडे जगापुढे ठेवले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच सूत्र धरलं होतं. बाळंतपण आणि जुलाब यांसाठी जे इथं जमलं, ते मधुमेहासाठी नव्यानं उभं करायला हवं. काम अवघड आहे, कारण जुलाबाचं बाळ दोन दिवसांत बरं झालेलं दिसतं. टळलेला मधुमेह कुणालाच दिसत नाही.

शिवाय इथल्या समजुतींशीही सामना आहे. साखर बंद केली की झालं, गूळ चालतो, ही त्यांतली सर्वांत पक्की. रक्तातल्या ग्लुकोजच्या दृष्टीनं गूळ आणि साखर यांत फरक जवळपास नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे पिष्टमयाची दुप्पट मात्रा. सकाळी कारल्याचा रस घेतला म्हणून गोळी सोडणारे तर घरोघरी. आणि चहा! दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला दहा चमचे, तेही कुणी गोड खाल्लं असं न म्हणता. उलट या मातीतलं जेवण मुळात वाईट नव्हतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, शेपू-मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. बिघडलं ते प्रमाण. भाकरीची जागा पांढऱ्या भातानं आणि मैद्यानं घेतली, उसळीची वाटी लहान झाली, पालेभाजी तोंडी लावण्यापुरती उरली. ताटातला भात निम्मा करून डाळ-उसळ दुप्पट करा, एवढा सल्ला साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जा पिष्टमयातून घेणाऱ्या देशाला बऱ्यापैकी पुरेसा आहे.

गेल्या दशकात मराठी घरांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोनदा जेवण्याच्या पद्धतीची मोठी चर्चा झाली. तिच्यावर आहारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले, वाद झाले. त्या वादात न पडताही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: हजारो लोक त्यात टिकून राहिले ते व्हॉट्सॲपच्या गटांमुळे, रोज आकडे कळवण्याच्या सवयीमुळे, पहाटे बरोबर चालणाऱ्या सोबत्यांमुळे. मात्र इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं डॉक्टरांना न विचारता जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, हे अशा प्रत्येक गटात पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

सरकारी बाजूला २०१० पासून असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ अर्ज भरते: वय, कंबर, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला इतिहास. गुण चारच्या वर गेले की उपकेंद्रावर तपासणीला पाठवायचं. कागदावर पद्धत उत्तम आहे. प्रत्यक्षात आशाताईच्या पिशवीत गरोदरपणाच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या, क्षयरुग्णांच्या भेटी आणि हा अर्ज, सगळं एकत्र असतं, आणि मोबदला मिळतो कामागणिक. एकदा तपासून आलेल्या माणसाकडे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात कुणी जायचं, हे कुठल्याच यादीत ठळकपणे नसतं. २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं साडेसात कोटी लोकांना मधुमेह आणि रक्तदाबाच्या उपचारांखाली आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. लक्ष्य चांगलंच होतं; पण ते आजार झालेल्यांचं होतं. उंबरठ्यावरचा माणूस अजूनही ‘नॉर्मल आहे, गोड कमी खा’ एवढं ऐकून घरी जातो.

शिक्षणाचा उपयोग आजार झाल्यानंतरही संपत नाही, हे नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांच्या कामानं दाखवलं. मधुमेहात पायाची संवेदना जाते, काटा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या देशात हे वारंवार घडतं. पेंडसे आणि टांझानियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्या तयार करायला सुरुवात केली. पाय कसा तपासायचा, भोवरी कशी काढायची, आणि रोज रात्री स्वतःचे तळवे आरशात पाहायला रुग्णाला कसं शिकवायचं, हे त्या शिकल्या आणि आपापल्या गावी परतल्या. जगातल्या कितीतरी देशांनी पुढे हा नमुना उचलला.

महाराष्ट्राच्या गावागावांत आज एक गट तयारच आहे: बचत गट. दहा-पंधरा बायका, महिन्याची ठरलेली बैठक, हिशेबाची वही, एकमेकींवरचा विश्वास. फरीदपूरला जे मुद्दाम उभं करावं लागलं, ते इथं वर्षानुवर्षं चालू आहे. बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर वीस मिनिटं यासाठी काढली तरी पुरे. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या कंबरा मोजायच्या आणि डॉ. मोहन यांच्या पद्धतीनं गुण काढायचे. दुसऱ्या महिन्यात साठ किंवा त्याहून जास्त गुण आलेल्या बायकांनी मिळून उपकेंद्रावर जायचं. तिसऱ्यात प्रत्येकीनं आठवडाभराचं तेल आणि साखर किती लागली ते वहीत मांडायचं, आणि पुढच्या बैठकीत कुणी किती कमी केलं ते वाचून दाखवायचं. चालायला कुठं जायचं, शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवायला सरपंचांना कोण सांगणार, पुरुषांना यात कसं ओढायचं, हे त्यांनीच ठरवायचं. भजनी मंडळ, गणेश मंडळ, सोसायटीतला ज्येष्ठ नागरिक संघ यांनाही हेच लागू.

एवढ्यासाठी लागणारं सामान म्हणजे मोजपट्टी, वही आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. पहिल्या दोन गोष्टी गट स्वतः आणेल. पट्ट्या उपकेंद्रात महिन्याच्या मध्यात संपणार नाहीत आणि गटातून आलेल्या बाईला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं जाईल, एवढं जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेनं सांभाळायचं आहे.